आक्शी खरं हाय

मी आजवर पाठविलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ठेवली आहे. तहसीलदारास, वीजखात्यास, पोस्टाच्या अधीक्षकास, वर्तमानपत्रांच्या संपादकांस – प्रत्येक पत्राखाली माझे पूर्ण नाव, पत्ता, तारीख आणि सही. घरात अशा अकरा फायली आहेत. केवळ एका पत्राची नक्कल त्यांत नाही. त्या पत्राविषयी मी पत्नीपाशी तिच्या शेवटच्या आजारातही बोललो नाही. मुलांपाशी नाही. ज्या वकीलमित्राशी मी कायद्याच्या एकेका शब्दावरून तासन्‌तास भांडलो, त्याच्यापाशीही नाही. तुम्ही पहिले. तुम्हीच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून – की समोर बसून तुम्ही मला प्रश्न विचारू शकत नाही म्हणून? दुसरे कारण अधिक खरे असावे.

निमित्त क्षुल्लक आहे. आमच्या भागातल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेची स्मरणिका निघते आहे. तिच्यासाठी ‘लहान धंदा मोठा कसा करावा आणि माणसे कशी सांभाळावीत’ या विषयावर मी चार पाने लिहावीत, असे विनंतीपत्र आले. त्या पत्रात माझा उल्लेख ‘कामगारांना कुटुंबीयांप्रमाणे वागविणारे ज्येष्ठ उद्योजक’ असा होता. कुटुंबीयांप्रमाणे! मी ते पत्र फाडले. मग दोन तरुण समक्ष आले. चांगले, नम्र तरुण. त्यांतला एक म्हणाला, “आण्णा, एका शेडच्या तीन शेडी कशा केल्या येवढंच सांगा. नव्या पोरांना दिशा भेटल.” मी त्यांच्यावर इतका ओरडलो की माझी सून स्वयंपाकघरातून धावत आली. त्यांचा काय अपराध होता? काहीही नाही. ते चहा न पिता निघून गेले, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर मला ठाऊक आहे, हे मला सहन होईना.

तर उत्तर असे आहे.

कोल्हारला, नगर–मनमाड रस्त्याच्या कडेला माझी पत्र्याची एक शेड होती. नांगराचे फाळ, कुळवाच्या फासा, पाभरीची दुरुस्ती – एवढाच व्यवसाय. मला स्वतःला लोखंडातले काही कळत नव्हते. मी इंग्रजी सातवीपर्यंत शिकलेला, कायद्याची पुस्तके विकत घेऊन वाचणारा, कागदाचा माणूस. लोखंड कळत होते रज्जाक मिस्त्रीला. तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान. उंच, थोडा वाकलेला, बोलताना समोरच्याच्या हाताकडे पाहणारा. पहिल्याच दिवशी त्याने आमच्या कामाची वाटणी करून टाकली होती. “आण्णा, तुमी कागद बघा, मी लोखंड बघतो. येकमेकाच्यात हात घालायचा न्हाई.” ही वाटणी त्याने शेवटपर्यंत पाळली. मी पाळली नाही.

रज्जाकचा मेहुणा हसन – बायकोचा, जुबेदाबीचा, धाकटा भाऊ – आमच्याकडेच घण मारीत असे. दंड जाडजूड, स्वभाव उघडा. त्याला बोलण्यात एका शब्दाची सवय होती : आक्शी, म्हणजे अगदी. फाळ नीट बसला की “आक्शी बसला बघा.” भट्टी रसरसली की “आक्शी जास्वंदीवानी झालीया.” शेडमधले लोक त्याची टिंगल करीत. “हसन, तुझ्या बापानं तुझं नावच आक्शी ठिवायचं हुतं!” त्यावर तो न चिडता म्हणायचा, “आक्शी बराबर बोलला!” आणि पुन्हा हशा व्हायचा. तो हशा मीही माझ्या टेबलापाशी बसून ऐकत असे. हे लक्षात ठेवा, कारण मी ते लक्षात ठेवले होते.

मग एकाहत्तर-बहात्तरची ती कोरडी वर्षे आली. प्रवरेकाठच्या आम्हालाही ती जाणवली. पूर्वेकडे पाथर्डीच्या बाजूला तर बोलायलाच नको. जागोजाग दुष्काळी कामे निघाली – रस्ते, बंधारे, खडी फोडणे. आणि प्रत्येक कामावर घमेली लागत. शेकड्यांनी घमेली. मी कागद केले, कचेऱ्या गाठल्या, मागणी मिळविली. परंतु हाताने ठोकून एवढी घमेली होणार कशी? रज्जाकने श्रीरामपूरच्या भंगारातून दोन माणसांनी फिरवायचा एक जुना प्रेस उचलून आणला. त्याला बसेल असा साचा त्याने सव्वा महिना खपून स्वतः कोरला. तापवलेला पत्रा साच्यावर ठेवायचा, चाक फिरवायचे, आणि खाली अखंड घमेले. पहिले घमेले निघाले तेव्हा हसनने ते डोक्यावर उपडे घातले आणि शेडभर नाचला.

लोक म्हणू लागले, आण्णांनी काय डोके चालविले. मी कोणाचीही दुरुस्ती केली नाही. बसच्या वेळापत्रकात एक वेलांटी चुकली तर मी आगारप्रमुखास पत्र लिहीत असे – आणि येथे, माझ्या तोंडावर, एवढी मोठी चूक होत असताना मी हसत होतो.

त्याच सुमारास एका दुपारी रज्जाक माझ्या टेबलापाशी आला. उभाच राहिला. म्हणाला, “आण्णा, मला मजूर म्हनून आता बरं वाटंना. चार आन्याची का हुईना, भागी द्या. मग मरस्तवर हितनं हलनार न्हाई.”

मी म्हणालो, “बघू.”

बघू! या शब्दास कायद्यात काय अर्थ आहे? ही स्वीकृती नव्हे, नकारही नव्हे. माझ्या एका अर्जाला ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असे उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याला मी दोन पानी पत्र लिहून विचारले होते की, योग्य म्हणजे काय, कार्यवाही म्हणजे काय आणि येईल म्हणजे कधी. आणि सात वर्षे माझ्यासाठी खपलेल्या माणसाला मी दोन अक्षरे दिली. तो चार महिने थांबला. पुन्हा विचारले नाही.

चार महिन्यांनी तो आला तो सरळ बोलायला. स्वतःचे छोटे दुकान काढतो आहे, म्हणाला. साच्याची कल्पना त्याचीच होती. पण हा साचा येथेच राहील, तो दुसरा कोरील. माझ्या घमेल्यांना हात लावणार नाही; तो कढया आणि पाण्याच्या टाक्या करील. जाण्याआधी दोन माणसे तयार करून देईल. याहून न्याय्य बोलणे मी कोणत्याही करारनाम्यात वाचलेले नाही. आणि शेवटी म्हणाला, “पत्र्याच्या कोट्याचा अर्ज मातुर तुमीच लिवा, आण्णा. तुमच्या हातचा अर्ज माघारी फिरत न्हाई.”

त्या काळी लोखंडी पत्रा उघड्या बाजारात सहज मिळत नसे. नगरच्या कचेरीत अर्ज करून, जागा आणि यंत्र दाखवून कोटा मंजूर करून घ्यावा लागे. कोटा नाही तर पत्रा नाही; पत्रा नाही तर दुकान नाही. रज्जाकचे सगळे त्या एका कागदावर अवलंबून होते.

मी अर्ज लिहिला. मनापासून लिहिला. ही गोष्ट तुम्हाला खोटी वाटेल, पण लिहिताना मला नेहमीसारखाच आनंद झाला. जागेच्या रकान्याशी आलो तेव्हा रज्जाक अडखळला. जागा सासऱ्याची होती. म्हाताऱ्याने तोंडी दिली होती, दप्तरी नोंद व्हायची होती. मी म्हणालो, “हरकत नाही. ‘मालकीची’ असे लिहायचे नाही. ‘कब्जातील’ असे लिहू. तेवढे पुरते.” तो हसला. “ह्ये असं आमास्नी कुठनं सुचावं!” ही गोष्ट पाच माणसांना ठाऊक होती : अंथरुणाला खिळलेला म्हातारा, त्याची मुले जुबेदाबी आणि हसन, रज्जाक आणि मी.

अर्ज मी स्वतः नगरला नेऊन दिला. पोच घेतली. येथवर मी जे सांगितले त्यात लोभ आहे, कोतेपणा आहे, अपराध नाही. मी पुढे सरकत नाही हे तुमच्या ध्यानात आले असेल. मी मुद्दाम रेंगाळतो आहे. पन्नास वर्षे रेंगाळलो, आणखी एक परिच्छेद काय मोठा!

परतीच्या बसमध्ये मला भीतीने घेरले. हा गेला तर प्रेस बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार? साचा झिजल्यावर दुसरा कोण कोरणार? मागणी मोठी, मुदत जवळ. आणि लोक काय म्हणतील – की डोके आण्णांचे नव्हते? ही शेवटची भीती सर्वांत मोठी होती. परंतु मी स्वतःला काय सांगितले, ठाऊक आहे? की शेडवर अनेकांच्या चुली अवलंबून आहेत, धंद्याच्या प्रमुखाला कठोर व्हावे लागते, एका माणसाच्या हौसेसाठी सर्वांना बुडविता येत नाही. ‘नेतृत्व’ हा शब्द तेव्हा आमच्याकडे एवढा प्रचलित नव्हता. असता तर मी तोही वापरला असता.

मी एक निनावी पत्र लिहिले.

रविवार होता, शेड बंद होती, पत्नी माहेरी संगमनेरला गेली होती. सकाळचे दहा. दार सताड उघडे होते. रस्त्यावरून जाणाऱ्याने रामराम केला तर मी मान हलवून प्रत्युत्तर देत होतो आणि लिहीत होतो. वहीचे पान, शिसपेन्सिल, डाव्या हाताने काढलेले वेडेवाकडे अक्षर. निनावी तक्रारीची कचेरीने दखल घेऊ नये, असा नियम आहे. तो मला पाठ होता. एकदा एका कार्यालयाने तो मोडला म्हणून मी वरपर्यंत लिहिले होते. परंतु तक्रारीत पडताळून पाहता येईल असा नेमका तपशील असेल तर कचेरी गप्प बसत नाही, हेही मला पाठ होते. म्हणून मी नेमका तपशील दिला. माझी शुद्ध भाषा कोणीही ओळखील; म्हणून मी अशुद्ध लिहिले. मजकूर मला अक्षरशः आठवतो :

“साहेब, कोल्हारच्या रज्जाक मिस्त्रीनं पत्र्यासाटी अर्ज केला हाय. त्यात जी जागा लिव्हली ती त्येची न्हाई. सासऱ्याची हाय. सरकारला फशिवतो. चौकशी करा. हे आक्शी खरं हाय. – येक गरीब मानूस.”

म्हणजे पाहा. एकाच टेबलावर, एकाच फायलीत, एकाच माणसाच्या बाजूचा अर्ज आणि विरुद्धचा अर्ज – दोन्ही माझे. दोन्ही परिणामकारक.

तीन आठवड्यांनी चौकशीला अधिकारी आले. जीपमधून उतरले, जागेवर गेले. कागदातला जाणकार म्हणून रज्जाकने मलाच सोबत नेले. जुबेदाबीने दारात खुर्च्या मांडल्या होत्या. हसन चहाचे कप घेऊन उभा होता. त्या दिवशी त्याने धुतलेला सदरा घातला होता, कारण भाऊजींचे दुकान होणार म्हणून घरात सणासारखे होते. अधिकाऱ्याने विचारले, जागा कोणाची? रज्जाकने माझ्याकडे पाहिले. मी ‘कब्जा’ या शब्दावर बोललो. चांगला बोललो. अधिकारी कंटाळून म्हणाले, “तुमच्याच माणसांनी कळवलंय हो,” आणि खिशातून तो कागद काढून मोठ्याने वाचला.

रज्जाक ऐकत होता तोवर त्याचा चेहरा नुसता गोंधळलेला होता. शेवटच्या ओळीला तो बदलला. म्हणाला, “साहेब, त्ये शेवटचं परत वाचा.”

अधिकाऱ्याने वाचले. हे आक्शी खरं हाय.

रज्जाक सावकाश हसनकडे वळला. बाकीचेही वळले. हसनला आधी काही समजलेच नाही. मग समजले, आणि तो रागाने लालबुंद होऊन, हातातले कप हिंदकळत, सगळ्यांच्या देखत ओरडला –

“आक्शी खोटं हाय ह्ये!”

मी तेथे तीन हातांवर उभा होतो. त्या क्षणी सगळ्या अंगणात एकच माणूस असा होता की ज्याला ठाऊक होते, हा शब्द पुरावा नाही. तो माणूस पायांखालच्या मातीकडे पाहत होता. अधिकाऱ्याने ‘जागेची नोंद झाल्यावर पुन्हा अर्ज करावा’ असा शेरा मारला, चहा घेतला आणि तो गेला.

आता नोंद करून घेणे अवघड नव्हते. म्हाताऱ्याची आणि हसनची संमती लागत होती, एवढेच. पण ज्याला भाऊजीने चार माणसांत दगाबाज ठरविले, त्याने का संमती द्यावी? हसनने सही करण्यास नकार दिला. झाले! सगळ्यांनी म्हटले, बघा, त्याच्याच पोटात होते. मी त्याच्या नावावर घातलेला खोटा हेतू, माझ्या कृत्याने, दोन महिन्यांत खरा करून दाखविला. याला काय म्हणतात? कलम आहे का एखादे? मी शोधले आहे. नाही.

रज्जाकचे दुकान झाले नाही. तो माझ्या शेडमध्ये परत आला. गेला होताच कुठे? हसनने चौकशी झाली त्याच आठवड्यात घण ठेवला आणि तो खडीच्या कामावर गेला. तेथे डोक्यावर वाहायला घमेली आमचीच होती.

जाण्यापूर्वी तो माझ्याकडे आला होता. हे सांगणे मला सर्वांत जड जाते आहे. पत्र लिहिण्याहून जड. तो टेबलासमोर उकिडवा बसला. मी खुर्ची दिली तरी बसेना. म्हणाला, “आण्णा, भाऊजी तुमचं ऐकत्यात. साऱ्या गावात तुमच्या शब्दाला किंमत हाय. तुमी नुसतं म्हना, हसननं लिवलं नसंल. म्या न्हाई लिवलं, आण्णा. माज्या भनीचं घर हाय ते.”

आणि मी – ऐका – मी खाकरलो, चष्मा सारखा केला आणि म्हणालो, “पुराव्याशिवाय मी कोणाच्या बाजूने वा विरुद्ध बोलत नसतो.”

त्याला ते पटले! माझ्या बोलण्यात कायदा आहे असे त्याला वाटले. “मंग तुमीच पुरावा हुडका की,” तो म्हणाला. “तुमाला कागदातलं समदं कळतं.” मी होकारार्थी मान हलविली. तो पाया पडून गेला.

दोन गल्ल्यांच्या अंतरावर जुबेदाबीचे माहेर. तिने तिकडे जाणे सोडले. की नवऱ्याने सोडायला लावले? मी विचारले नाही. म्हातारा गेला तेव्हा त्याच्या मयतीत रज्जाक आणि हसन दोन टोकांना उभे होते. मी मध्ये, दोघांनाही दिसेल असा. पुढे रज्जाकच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले. सख्ख्या मामाला आवतण नव्हते. माझ्यासाठी मात्र पहिल्या ओळीत वेगळी खुर्ची होती आणि मुलीने मला वाकून सलाम केला. मी आशीर्वाद दिला. माझी जीभ झडली नाही. अशा वेळी जीभ झडत नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

धंदा? वाढला. दुष्काळ ओसरल्यावर आम्ही कढया काढल्या, टाक्या काढल्या – रज्जाकने स्वतःच्या दुकानासाठी जे योजले होते तेच. दुसरी शेड झाली, तिसरी झाली. मी त्याला ‘मुख्य मिस्त्री’ असे पद दिले, टेबल दिले, भिंतीवर पंखा दिला. भागी त्याने पुन्हा कधी मागितली नाही आणि मी कधी दिली नाही. तो एकोणीस वर्षे राहिला. बाहेरून आलेले लोक म्हणत, कामगार कसा टिकवावा हे आण्णांकडून शिकावे. त्या दोन तरुणांनी हेच शिकायला यावे आणि त्यांच्यावर मी ओरडू नये?

मी आणखी एक गोष्ट झाकली आहे. सराईत साक्षीदार असेच करतो : मोठे कबूल करतो आणि त्याच्या आड त्याहून मोठे लपवितो. आतापर्यंत तुमची समजूत अशी झाली असेल की हसनचा शब्द त्यात ओघाने आला. मी फक्त गावठी बोली लिहू पाहत होतो आणि कानावर रोज पडणारा एक शब्द उतरला. अनेक वर्षे मी स्वतःची हीच समजूत घातली. हेतू नव्हता. निष्काळजीपणा होता. शिक्षा असलीच तर सौम्य.

खोटे आहे. मी आधी कच्चे लिहिले होते. त्यात ‘हे अगदी खरं हाय’ असे होते. मी ते वाचले, आणि ‘अगदी’वर रेघ मारून वर ‘आक्शी’ लिहिले. मग पक्के लिहून काढले आणि कच्चा कागद चुलीत घातला. मला ठाऊक होते की चौकशी झाली तर घरात प्रश्न उठेल : पाचांपैकी कोण? रज्जाक स्वतः नव्हे, जुबेदाबी नव्हे, अंथरुणातला म्हातारा नव्हे. उरले दोघे. त्या दोघांतला एक कमी करायला मला एक शब्द पुरला. आणखी ऐकायचे आहे? दुसऱ्या दिवशी मला कामासाठी नगरला जायचेच होते; पत्र मी तेथल्या पेटीत टाकू शकलो असतो. मी ते कोल्हारच्या पेटीत टाकले. शिक्का कोल्हारचा पडावा म्हणून. हेतू कशाला म्हणतात हे मला कोणी शिकवू नये.

हसन हयात आहे. पाथर्डीकडे मुलापाशी राहतो, असे ऐकतो. जुबेदाबी कोल्हारलाच आहे. या मजकुराची माझ्या सहीची एकेक प्रत दोघांनाही रजिस्टर पोस्टाने जाईल. त्यांनी त्याचे काय करावे, हे सुचविण्याचा अधिकार मला नाही. मुलांना मी एवढेच बजावले आहे की त्या दोघांपैकी कोणी दारात उभे राहून काहीही बोलले तरी मध्ये पडायचे नाही. हसनने ते पत्र लिहिले नव्हते. मी लिहिले होते. डोके माझे नव्हते, साचा रज्जाकचा होता. एवढे लिहिण्यास मला किती वर्षे लागली याचा हिशेब मी देत नाही. तो माझ्या बाजूने वापरला जाईल अशी मला धास्ती वाटते.

रज्जाकला मात्र प्रत पाठविता येत नाही. छातीच्या विकाराने त्याला नगरच्या दवाखान्यात ठेवले होते. मी दर दोन दिवसांनी बसने जात असे. शेवटी गेलो ती दुपारची वेळ होती. जुबेदाबी औषध आणायला खाली गेली होती, खोलीत आम्ही दोघेच. बोलताना त्याला धाप लागत होती, तरी तो बोलला. नजर नेहमीप्रमाणे माझ्या हातांवर होती.

“आण्णा, त्या पत्राचं अजून डोक्यातनं जात न्हाई,” तो म्हणाला. “परक्यानं लिवलं असतं तर कवाच सोडून दिलं असतं. पन हसननंच लिवलं. व्हय ना?”

त्याच्या आवाजात प्रश्न होता. नीट ऐका – विधान नव्हते, प्रश्न होता. इतक्या वर्षांनी, मरणाच्या दारात, त्याला शंका आली होती. आपण मेहुण्यावर अन्याय तर केला नाही, हे तो मला, एकट्या मलाच, विचारीत होता. हसनला बोलावून घ्यायला अजून दोन दिवस उरले होते. बस होती. पैसे होते. माझी वाचा शाबूत होती.

मी म्हणालो, “हो.”